कुस्को : विरळ हवेतली पहिली रात्र

पेरू देशाची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तेथून विमानाने सव्वा-दीड तासात कुस्कोला उतरले, तेव्हा मी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळपास लेहइतक्या उंचीवर पोहोचले होते. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. हवेतील प्राणवायूची टक्केवारी तीच राहते, परंतु प्रत्येक श्वासागणिक शरीराच्या वाट्याला येणारा प्राणवायू घटतो. लेह-केदारनाथला निघालेल्या रुग्णांना हे मी कित्येक वर्षे सांगत आले आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र पहिल्या दिवशी स्वस्थ पडून राहण्याचा नियम मीच मोडला.

त्याला कारण होते. ब्याऐंशी वर्षांच्या आईला बहिणीकडे सोपवून मी बारा दिवसांसाठी एकटीच निघाले होते. आईला फुप्फुसांचा जुना विकार आहे. घरी तिचे सारे मीच पाहते. एवढ्या मोलाने मिळालेला दिवस खोलीत झोपून घालवायचा, हे मनाला पटेना.

कुस्कोचे पहिले दर्शन मोहक आणि थोडे त्रासदायकही आहे. मुख्य चौकात, प्लाझा दे आर्मासमध्ये, कॅथेड्रलच्या पायऱ्यांपाशी पाठ टेकण्याआधीच मसाज, सहली आणि चित्रे विकणारे गोळा होतात. रंगीत पोशाखातल्या स्त्रिया कोकरू हाती देऊन छायाचित्राचे पैसे मागतात. पण चार पावले गल्लीत शिरावे आणि इंका कारागिरांच्या भिंती पाहाव्यात. चुन्याशिवाय, केवळ घडीव दगड एकमेकांत बसवून त्या उभारल्या आहेत. हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड सगळेच पाहतात. मला कोरिकांचा अधिक भावले. इंकांच्या या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश लोकांनी आपला मठ बांधला. १९५०च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या भिंती मात्र टिकल्या.

तिथून सान ब्लास वस्तीच्या चढणीला लागले. विसाव्या पायरीवर थांबले. पुन्हा दहा चढले, पुन्हा थांबले. छाती भात्यासारखी चालू होती. माझ्याहून वयस्क एक बाई पाठीवर गाठोडे बांधून शांतपणे वर निघून गेली. अँडीजच्या लोकांची शरीरे हजारो वर्षांत या हवेला सरावली आहेत. (काहींना मात्र याच उंचीवर पुढे विकार जडतो. पेरूच्याच कार्लोस मोंगे या डॉक्टरांनी १९२५ साली त्याचे वर्णन केले.) पायरीवर बसले असता आठवले, की आईला आमचा एक जिना चढताना मी नेहमी म्हणते, “चल गं, एवढंसं तर आहे.”

रात्री डोके ठणकू लागले, अन्नावरची वासना गेली. येथे या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळाला. त्याने त्रास टळतो याला सबळ पुरावा नाही, आणि ही पाने भारतात आणणे हा गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे. झोप लागताच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येई. ऑक्सिमीटर लावला. आकडा ८४. आईच्या बोटावर असा आकडा दिसला असता तर मी धावपळ केली असती.

तेव्हा भारतात सकाळचे साडेसात वाजले होते. फोन केला. आई म्हणाली, “किती आलं?” मी सांगितले. “मग आडवी कशाला झालीस? उशा लावून बस. ओठांचा चंबू करून हळू सोड श्वास. घाई करू नको. घाईनंच घाबरायला होतं.” हे मीच तिला शिकवले होते. शेवटचे वाक्य मात्र तिचे स्वतःचे.

बसून राहिल्यावर दम लागत नव्हता, चालताना तोल जात नव्हता, भान स्वच्छ होते. यांपैकी एक जरी लक्षण असते, तर उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरायला हवे होते. झोपेची गोळी मी घेतली नाही. अशा रात्री ती घेऊही नये. असेटाझोलामाइड हे औषध चढण्यापूर्वी एक दिवस सुरू करतात, तेही मूत्रपिंडाचा विकार किंवा सल्फाची ॲलर्जी नाही ना, हे आपल्या डॉक्टरांना विचारून. मी ते घेतले नव्हते. डॉक्टरी तोरा, दुसरे काय!

सकाळी टॅक्सीने उरुबांबाच्या खोऱ्यात, सुमारे २,८७० मीटरवर उतरले. खरे तर विमानतळावरूनच तिकडे जायला हवे होते. माचू पिच्चूही कुस्कोहून जवळजवळ हजार मीटर खाली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खोऱ्यात डोके उतरले, भूक लागली. किन्वाचे सूप आणि उकडलेले बटाटे खाल्ले. आपल्या उपवासाच्या बटाट्याचे मूळ घर हेच.

चौथ्या दिवशी कुस्कोला परतले आणि सान ब्लास तीन विसाव्यांत चढले. वरच्या चौकात बसून बोटाला ऑक्सिमीटर लावला तोच आईचा निरोप आला, “आज किती?” मी कळवले, ९०. उत्तर आले, “माझे ८९. दोन पायऱ्या कमी चढ.”