चिमट्याची मूठ

बुफेच्या टेबलावर ठेवलेला सॅलडचा चिमटा एका जेवणात शेकडो हातांतून जातो. ज्या हाताने लिफ्टचे बटण दाबले, जिन्याचा कठडा धरला, लेकराचे नाक पुसले, त्याच हाताने चिमटा उचलला जातो. मग त्याच हाताने पाव तोडला जातो आणि घास तोंडात जातो. क्रूझ जहाजावरच्या बुफेची स्वच्छता राखायची म्हणजे मुख्यतः या साखळीत कुठे कुठे खंड पाडता येईल हे पाहायचे. अन्न नीट शिजवणे, गार ते गार आणि गरम ते गरम ठेवणे हे कुठल्याही चांगल्या हॉटेलात करावेच लागते. जहाजावर अडचण वेगळी असते. तिथे जेवणारी माणसे सात-आठ दिवस तीच, लिफ्ट त्याच, कठडे तेच. आणि एकाचे पोट बिघडले तरी त्याला जहाजाबाहेर जायला जागा नसते.

या हातांवरून फिरणारा मुख्य आजार नोरोव्हायरसचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ मध्ये उलट्या-जुलाबांची साथ आली. तिथल्या नमुन्यांत १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा विषाणू दाखवून दिला, आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत अचानक मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. बहुतेक जण एक ते तीन दिवसांत सावरतात. पण वृद्धांच्या आणि लहान मुलांच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते, आणि क्रूझवर साठी-सत्तरी उलटलेले प्रवासी पुष्कळ असतात. हा विषाणू चिवट आहे. शंभराच्याही आतले कण माणसाला आजारी पाडायला पुरतात. ६० अंश सेल्सिअसच्या उष्णतेतही तो तग धरू शकतो, टेबलावर-दांडीवर दिवसेंदिवस टिकतो, आणि रुग्ण बरा होऊन हिंडू-फिरू लागला तरी त्याच्या विष्ठेतून दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त काळ बाहेर पडत राहतो.

ज्यावर प्रवाशांचा सर्वांत जास्त भरवसा असतो, ते अल्कोहोलचे जेल या विषाणूवर फारसे चालत नाही. अल्कोहोल अनेक विषाणूंचे चरबीचे आवरण मोडते. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही. साबण-पाण्याचे काम निराळे. साबणाने चोळताना विषाणू कातडीवरून सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर मोरीत जातो. त्यासाठी किमान २० सेकंद चोळावे लागते, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली. म्हणूनच अलीकडच्या अनेक जहाजांवर बुफेच्या दाराशीच हात धुण्याच्या बेसिनांची रांग बांधलेली असते. तिथे एक कर्मचारी उभा राहून, कधी गाणे म्हणत, कधी नुसते हसून, येणाऱ्या प्रत्येकाला बेसिनकडे वळवतो. पाहुण्यांना हे मनोरंजन वाटते. खरे तर त्या वेळी जहाजावर त्याच्याइतके उपयोगाचे काम क्वचितच कोणी करत असेल.

अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या क्रूझ जहाजांवर या सगळ्याची तपासणी होते ती तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, जहाज स्वच्छता कार्यक्रमाखाली. हा कार्यक्रम १९७० च्या दशकात सुरू झाला. १३ किंवा अधिक प्रवासी नेणारे आणि परदेशी बंदरे करून येणारे जहाज त्याच्या कक्षेत येते. साधारण वर्षातून दोनदा, आगाऊ न कळवता, निरीक्षक चढतात आणि १०० पैकी गुण देतात. ८६ मिळाले तर जहाज उत्तीर्ण, ८५ ला नापास. निकाल जाहीर होतो. गोवा, मुंबई, वसई, कोकण या पट्ट्यातून क्रूझवर कामाला गेलेल्या मुलांच्या बोलण्यात या तपासणीचे नाव ‘यूएसपीएच’. या चार अक्षरांत निरीक्षक, नियमांचे जाडजूड पुस्तक, रात्री जागून घासलेली गॅली आणि पोटातला गोळा असे सगळे येते. जहाजावर स्वयंपाकघराला गॅली म्हणतात, आणि तिथे भांडी-लादी सांभाळणाऱ्याला युटिलिटी. बुफेची स्वच्छता सर्वांत जास्त कोणावर अवलंबून असेल तर या युटिलिटीवर, जरी त्याचे तोंड प्रवाशाला कधी दिसत नसले तरी.

तापमानाचे नियम थोडक्यात सांगता येतात. गार पदार्थ ५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, गरम पदार्थ ५७ च्या खाली येऊ द्यायचा नाही. मधल्या पट्ट्यात जिवाणू वाढतात. शिजवलेले अन्न उरवायचे असेल तर ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आणायचे. मोठ्या पातेल्यातला भात नुसता बाजूला ठेवून हे कधीच साधत नाही. तो उथळ ट्रेत पसरून झपाट्याने गार करणाऱ्या ब्लास्ट चिलरमध्ये घालावा लागतो. भाताचा मुद्दा मुद्दाम सांगण्यासारखा, कारण बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ते रुजतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात फोडणीला टाकला की दोष गेला, ही घराघरांतली समजूत इथे उपयोगाची नाही.

थर्मामीटरची सुई कुठे खुपसायची, यात मात्र अनुभव लागतो. गरम पदार्थांचे ट्रे खालून पाण्याच्या वाफेने तापतात. त्यामुळे रश्शाचा तळ ७० दाखवतो आणि वरची साय धरलेली पातळी पन्नाशीत असते. ढवळून, मधोमध आणि वरच्या थरात मोजले तरच खरा आकडा मिळतो. गार ट्रेचे नेमके उलटे. तिथे थंडावा खालून येतो, आणि दिसायला छान म्हणून कापलेल्या कलिंगडाचा काठाच्या वर डोंगर रचला की वरच्या फोडी डेकवरच्या उकाड्यातच बसलेल्या असतात. काठाच्या खाली भरलेला ट्रे जरा रिकामा, गरिबासारखा दिसतो, तोच बरोबर. संपत आलेल्या ट्रेत नवे अन्न ओतायचे नाही, अख्खा ट्रे बदलायचा. जे पदार्थ तापमानाऐवजी घड्याळावर ठेवलेले असतात त्यांना वेळ लिहिलेली चिकटपट्टी लागते, आणि चार तास भरले की उरलेले फेकायचे, कितीही चांगले दिसत असले तरी. अन्न टाकू नये हे ज्याच्या अंगात लहानपणापासून मुरले आहे, त्या मुलाला पहिले काही आठवडे हे फार जड जाते. भरलेला ट्रे कचऱ्यात उपडा करताना त्याचा हात थबकतो. त्याला दटावण्यापेक्षा ट्रे लहान करणे हा खरा उपाय. कमी भरायचे, वारंवार भरायचे.

आता चिमटा. बुफेवर काचेचे आडोसे असतात. शिंकेपासून, बोलताना उडणाऱ्या थुंकीपासून ते अन्न वाचवतात. पण हात काचेखालून आत जातोच. जपानच्या एनएचके वाहिनीने २०२० मध्ये एक प्रयोग दाखवला. बुफेला आलेल्या दहा जणांपैकी एकाच्या हाताला अतिनील प्रकाशात चमकणारा रंग लावला. अर्ध्या तासाने दिवे मालवून पाहिले तर तो रंग सगळ्यांपर्यंत पोहोचला होता, काहींच्या चेहऱ्यावरही. दुसऱ्या वेळी वाढायला माणूस ठेवला, चिमटे-डाव सारखे बदलले, हात धुवायला लावले, तेव्हा हा फैलाव फार कमी झाला. विषाणू डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याचा रस्ताही दिसत नाही. त्या रंगाने रस्ता दाखवला.

चिमट्याच्या बाबतीत जहाजावर तीन गोष्टी पाहिल्या जातात. मूठ ट्रेच्या काठापेक्षा लांब हवी, म्हणजे ती घसरून अन्नात पडणार नाही. पडलीच तर नुसता चिमटा उचलून भागत नाही; ज्यात मूठ बुडाली तो ट्रेही मागे जातो. आणि ठरलेल्या वेळाने, कोणी पाहो न पाहो, सगळे चिमटे-डाव उचलून धुतलेला दुसरा संच मांडायचा. यातले तिसरे काम सर्वांत आधी चुकते, कारण गर्दीच्या वेळी चिमटे स्वच्छच दिसत असतात.

याहून चांगला मार्ग म्हणजे पाहुण्याच्या हातात चिमटा द्यायचाच नाही. अनेक कंपन्या सफरीचे पहिले दोन दिवस बुफेवर स्वतःची माणसे वाढायला उभी करतात. किनाऱ्यावरून कोणी आजार घेऊन चढला असेल तर तो साधारण याच ४८ तासांत उघड होतो. मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. पंगतीत वाढपी वाढतो आणि जेवणारा आपल्या पानापुरता राहतो. घरातही उष्ट्या हाताने डाव धरला तर आजी ओरडते. सोवळ्या-ओवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर ठेवले गेले, त्याचे समर्थन मुळीच करता येणार नाही. पण खरकटा हात आणि वाढायचा डाव यांची भेट होऊ नये, एवढा भाग खरा होता, आणि बुफे आल्यावर लग्नाच्या हॉलांत नेमका तोच सुटला. जहाजावर वाढपी कायमचा ठेवावा. रांग थोडी लांबते, माणसे जास्त लागतात, पण पोट सुरक्षित राहते.

दुसऱ्यांदा घ्यायला जाताना नवी प्लेट, हाही त्याच विचाराचा नियम. तोंडाला लागलेला काटा-चमचा असलेली प्लेट ट्रेवर धरली की वाढायचा डाव तिला टेकतो. वापरलेल्या प्लेटा यंत्रात जातात, आणि शेवटच्या फवाऱ्याचे पाणी ८२ अंशांच्या आसपास असावे लागते.

टेबले आणि काउंटर पुसायला तीन बादल्यांची पद्धत आहे : लाल बादलीत साबणाचे पाणी, करड्या बादलीत साधे, पांढऱ्या बादलीत क्लोरीनचे किंवा दुसऱ्या जंतुनाशकाचे. घासा, विसळा, निर्जंतुक करा, याच क्रमाने. घाईत युटिलिटी थेट पांढऱ्या बादलीतला फडका फिरवतो. असे पुसलेले टेबल चकचकीत दिसते, पण क्लोरीन खरकट्याच्या चिकटपणाशी झगडण्यातच संपलेला असतो. अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागावर रोजचे प्रमाण दशलक्षात ५० ते २०० भाग. नोरोव्हायरसची साथ असेल तर स्वच्छतागृहे, कठडे, दारांच्या मुठी यांसाठी १००० ते ५००० पर्यंत न्यावे लागते, आणि द्रावण पृष्ठभागावर काही मिनिटे ओले राहू द्यावे लागते. बादलीत कागदी पट्टी बुडवून रंग पाहायला दहा सेकंद लागतात. गढूळ झालेले पाणी बदलायला दोन मिनिटे. एवढी सवड प्रत्येक पाळीत असतेच.

हे सगळे यथासांग केले तरी एका ठिकाणी घात होतो. पहाटे दोनदा पोट बिघडलेला वाढपी सहा वाजता गणवेश चढवून कामाला उभा राहतो. नियम स्वच्छ आहे : अन्न हाताळणाऱ्याने लगेच कळवायचे, त्याला वेगळे ठेवायचे, आणि सगळी लक्षणे थांबल्यावर किमान ४८ तास त्याला कामावर घ्यायचे नाही. तरी तो लपवतो. टिप्स बुडतील, खोलीतला सोबतीही अडकेल, पुढचे कंत्राट मिळणार नाही, अशी भीती त्याला असते. घरी, सावंतवाडीत किंवा मडगावात, पैसे पाठवायचे असतात. या माणसाला दोष देऊन काही हाती लागत नाही. आजार कळवणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही आणि त्याच्यावर कोणी डाफरणार नाही, याची खात्री देणारा सुपरवायझर दहा निरीक्षकांपेक्षा जास्त साथी थांबवतो.

अमेरिकी बंदराकडे येणारे जहाज पोटाच्या रुग्णांची नोंद ठेवते आणि बंदराला लागण्याआधी कळवते. आजारी प्रवाशांचे किंवा आजारी कर्मचाऱ्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर गेले की वेगळा अहवाल द्यावा लागतो. जानेवारी २०१४ मध्ये ‘एक्स्प्लोरर ऑफ द सीज’ या जहाजावर सहाशेहून जास्त प्रवासी आजारी पडले आणि सफर आवरती घेऊन जहाज न्यू जर्सीला परतले. अशा बातम्यांमुळे हा जहाजांचाच आजार असे वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी सुमारे १ टक्काच जहाजांवरच्या असतात. जहाजावर आजाऱ्यांची मोजदाद होते, म्हणून ती साथ दिसते. साथ आली की स्वतः वाढून घेणे बंद होते, मिठाच्या बाटल्या आणि मेनूकार्डे टेबलावरून उठतात, आणि कठडे दिवसभर पुसले जातात.

प्रवाशाच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पोट बिघडताच जहाजाच्या दवाखान्याला फोन करणे. सफर वाया जाईल या भीतीने गोळी घेऊन बुफेच्या रांगेत उभे राहू नये. केबिनमध्येच थांबावे. जेवण आणि मीठ-साखरेचे पाणी तिथे आणून दिले जाते.