रतनवाडीचा खोळंबा

अकोल्यास जाण्याचा माझा हा तिसरा प्रसंग. प्रवरेच्या कांठचा अगस्ति-आश्रम पूर्वीं दोनदां पाहिला होता. परंतु ती प्रवरा जेथें उगम पावते त्या रतनगडाच्या पायथ्याशीं जाण्याचा योग आला नव्हता. या खेपेस वडील बंधु दादा बरोबर होते. वय ब्यायशीं, अमृतेश्वराचें दर्शन एकदां घडावें ही इच्छा त्यांचीच. म्हणून गेल्या माघांत एके पहांटे दादा, मी, पुतण्या व सूनबाई असे चौघे अकोल्यांतील आप्तांच्या घरून मोटारीनें निघालों. दुपारच्या भोजनास परतावयाचें होतें. त्यामुळें दादांचें मधुमेहाचें औषध, जें जेवणापूर्वीं टोंचून घ्यावें लागतें, तें तेथेंच शीतपेटींत राहिलें. या एका गोष्टीमुळें पुढील हकीकतीस महत्त्व आलें. एरवीं ती चार ओळींची होती.

राजूर मागें पडलें कीं डोंगर अंगावर येऊं लागतात. तालुक्याच्या सीमेवर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर. खालीं १९२६ सालीं पुरें झालेल्या भंडारदरा धरणाचें निळें पाणी. त्या जलाशयाच्या कडेकडेनें रस्ता रतनवाडीस पोहोंचतो. अमृतेश्वराचें मंदिर काळ्या पाषाणाचें, शिखरापर्यंत कोरलेलें. जवळच्या पुष्करणीच्या भिंतींत कोनाडे असून त्यांत विष्णुमूर्ति आहेत. दादा मंदिरांत बराच वेळ बसले. पुष्करणी पाहावयास निघणार, तों ऊन चढलें, अकरा वाजले, व आम्हीं त्यांना तसेंच गाडींत बसविलें.

पुतण्यानें किल्ली फिरविली. इंजिन जागें होईना. आंतून नुसता टकटकटक असा आवाज. पुन्हां फिरविली, पुन्हां तेंच. "काका, बॅटरी मेली," असा निर्णय त्यानें दिला. ढकलून पाहावें, तर या नव्या गाडीचे गिअर आपोआप बदलणारे. अशी गाडी ढकलून सुरू होत नाहीं. नवी बॅटरी आणावयाची म्हणजे निदान राजूर गांठावें लागणार, आणि दूरध्वनीवर तर आवाजच पोहोंचेना. सूनबाई दादांकडे पाहत होती.

धूर दिसला म्हणजे अग्नि आहे, हें अनुमान तर्कशास्त्रांत पहिल्याच पाठांत येतें. पण जो हेतु साध्य असतां आढळतो आणि नसतांही आढळतो, तो सव्यभिचार होय. त्यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. टकटक हा हेतु त्या जातीचा. अर्थात् हें मला सुचलें मागाहून. त्या वेळीं सुचलें तें उतारूंची जीप घेऊन आलेल्या एका तरुणाला.

"गुर्जी, आधी दिवे लावून बघा," तो म्हणाला. दिवे लखलखीत लागले. "आता चावी मारा." किल्ली फिरतांच दिवे पार विझले, सोडतांच पुन्हां उजळले. बॅटरी रिकामी असती तर ते आरंभींच मंद दिसते. त्यानें झांकण उघडून बॅटरीच्या दोन्ही टोकांस हात लावून पाहिला. एक थंड, दुसरें, निळसर पांढऱ्या बुरशीनें माखलेलें, गरम. "सांध्यात खोट आहे. बॅटरीला नावं ठेवू नका."

कारण मागाहून समजून घेतलें तें असें. एका दिव्यास चार-पांच अँपिअर वीज पुरते. इंजिन फिरविणाऱ्या मोटरीस शंभराहून अधिक लागते. मळलेल्या सांध्यांतून थोडी वीज निभावून जाते, मोठी अडते व तेथेंच उष्णता होते. किल्लीच्या अल्प विजेनें एक चुंबक लोखंडी दांडा ओढून मोठा मार्ग खुला करतो. त्यासरशी सांध्यापलीकडे विजेचा दाब कोसळतो, चुंबक दांडा सोडतो, दाब पुन्हां सावरतो, दांडा पुन्हां ओढला जातो. तीच टकटक. एकच मोठा टक होऊन सारें थांबलें, तर मात्र बहुधा चुंबकाच्या संपर्कांत किंवा खुद्द मोटरींत दोष पाहावा.

अगस्ति मुनींनीं विजेचा घट केला असे श्लोक अलीकडे पुष्कळ फिरतात. संस्कृत शिकलेल्या माणसानें त्यांवर भार टाकूं नये. आम्हांस अडविणारा घट फ्रान्सच्या गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं केलेल्या शिशाच्या घटाचा वंशज होता. त्यांत गंधकाम्ल असतें, व टोंकांवरची बुरशी बहुधा त्याचीच करणी.

शेजारीं चहा-भजी करणाऱ्या बाईंनीं गरम पाणी व चिमूटभर खाण्याचा सोडा दिला. तरुणानें दहा नंबरच्या पान्यानें आधीं ऋण टोंक सोडलें, मग धन. सोडा पडतांच बुरशी फसफसली. पाणी ओतून, कोरडें पुसून, घासून शिसें चकचकीत केलें. मग आधीं धन व शेवटीं ऋण, असें घट्ट आवळलें. वरून लावावयास सूनबाईंच्या पिशवींतील व्हॅसलीन उपयोगी पडलें. डोळे दूर ठेवा व विडी पेटवूं नका, कारण बॅटरींतून पेटणारा वायु निघतो, हें त्यानेंच जमलेल्यांस बजावलें.

पुतण्यानें किल्ली फिरविली आणि इंजिन पहिल्या झटक्यांत धडधडलें. बाईंनीं चहाचे पैसे घेतले, सोड्याचे घेतले नाहींत. तरुणानेंही कांहीं घेतलें नाहीं. त्याचे उतारू तेवढे खोळंबले होते.

पावणेदोनास अकोल्यास आलों. दादांनीं टोंचून घेतलें, आणि पानावर बसतां बसतां, पुष्करणी आम्हीं पाहूं दिली नाहीं अशी तक्रार केली.