मुतखडा, मेडिकल आणि बोटीवरची माणसं

माझा मावसभाऊ मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये मोटरमन आहे. गेल्या वर्षी हिंदी महासागरात, रात्रीच्या वॉचला त्याच्या कुशीत अशी कळ आली की तो तिथेच आडवा झाला. जहाजावर डॉक्टर नव्हता. नसतोच. शंभर किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांपेक्षा लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच डॉक्टर ठेवणं बंधनकारक आहे, आणि मालवाहू जहाजावर असतात वीस-पंचवीस जण. सेकंड ऑफिसरने किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारून इंजेक्शन दिलं. बंदर चार दिवस लांब होतं.

घरी आल्यावर खरी गोष्ट कळली. मुतखडा पहिल्यांदा झाला नव्हता. आधी सुट्टीत एकदा त्रास झालेला, मावशीने कुळथाचं पाणी पाजलेलं, आणि मेडिकलच्या फॉर्मवर याने 'नाही' लिहिलेलं. "खरं लिहिलं असतं तर घरी बसवलं असतं रे. हप्ता कोण भरणार?"

त्याचं चुकलं असं मी तोंडावर म्हणू शकलो नाही. इंजिन रूममध्ये ४०-४५ अंश ही रोजची गोष्ट. अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी कमी आणि घट्ट होते, क्षारांचे खडे धरतात. डॉक्टर सांगतात, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. त्या उकाड्यात घामाची भरपाई करून तेवढी व्हायला किती पाणी प्यावं लागेल, हिशेब करा.

आता गंमत बघा. नाविकांच्या मेडिकलसाठी आयएलओ आणि आयएमओची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात मुतखडेवाल्याला उष्ण प्रदेशात, जास्त तापमानात काम झेपेल का, हे बघायला सांगितलंय. म्हणजे माणसाला घरी बसवताना उष्णतेचा संबंध मान्य. पण हाच खडा कामामुळे झाला म्हणा, की सगळे गप्प.

लपवण्यात मोठा धोका आहे, तो आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. एमएलसी २००६ प्रमाणे आजारी नाविकाचा उपचार मालकाच्या खर्चाने, आणि पगार निदान १६ आठवडे. पण भरतीच्या वेळी आजार मुद्दाम लपवला असेल तर मालकाला हात झटकता येतात. भावाच्या बाबतीत अगदी हेच झालं. सोनोग्राफीत जुना खडा दिसला आणि कंपनीचा एजंट फोन उचलेनासा झाला.

आपल्या मच्छीमार खलाशांना तर एवढंही नाही. एमएलसी मासेमारीच्या बोटींना लागूच नाही. डेकवर ऊन आणि प्यायला मोजून भरलेलं पाणी.

भावाचं मेडिकल सोमवारी आहे. या वेळी खरं लिहिणार म्हणतोय. वहिनीला ते अजून पटलेलं नाही.