पेन ड्राइव्ह रिकामा, तरी जागा नाही!

मुलांनो, ३२ जीबी असं छापलेला पेन ड्राइव्ह संगणकाला लावून पाहा. विंडोज त्यावर सुमारे २९.८ जीबीच दाखवते. मधली दोन जीबी कुणी खाल्ली? कुणीच नाही! कारखानदार एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ धरते. आजीची पायली आणि दुकानदाराचा किलो, तसंच हे. माप वेगळं, माल तेवढाच.

पण जागा खरोखर शिल्लक असूनही फाइल आत जात नाही, असंही होतं बरं का! आमच्या रिसोडच्या शाळेत चौथीच्या मुलांचा निरोप समारंभ झाला. एका पालकांनी फोनवर सलग चाळीस मिनिटं चित्रीकरण केलं. पाच जीबीहून मोठी एकच फाइल झाली. वर्गातल्या एका मुलीचे आईवडील दुसऱ्याच दिवशी कामासाठी बाहेरगावी निघणार होते. तिला ते चित्रीकरण सोबत न्यायचं होतं, म्हणून तिने घरचा पेन ड्राइव्ह आणला. त्यात १४ जीबी मोकळी होती. तरी पडद्यावर इंग्रजीत सूचना आली.

"काऊन नाही जात, सर?" एकाने विचारलं.

"जागा नसंल. जुनं पुसून टाका ना," दुसरा म्हणाला.

जुनं म्हणजे काय, तर तिच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या. आजी आता नाहीत, आणि त्या ओव्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या. मुलगी काही बोलली नाही, पण तिने पेन ड्राइव्हवर हात ठेवला.

मी मुलांना सूचना मोठ्याने वाचायला लावली. तिच्यात 'जागा नाही' असं नव्हतंच. 'ठेवायच्या ठिकाणच्या व्यवस्थेसाठी फाइल फार मोठी आहे,' असा तिचा अर्थ होता.

आता ही व्यवस्था म्हणजे काय? शाळेतल्या तांदळाच्या नोंदवहीत किलो लिहायला तीनच चौकटी आहेत असं समजा. मग ९९९ च्या पुढचा आकडा लिहिणार कसा? कोठीत जागा आहे, वहीत नाही! पेन ड्राइव्हमध्येही अशी वही असते. फॅट३२ नावाच्या वहीत फाइलचा आकार लिहायला ३२ चौकटी आहेत आणि प्रत्येकीत फक्त ० किंवा १ बसतो. त्यांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. ही वही १९९६ साली आली. तेव्हा घरच्या संगणकाची अख्खी डिस्कच एक-दोन जीबीची असे, त्यामुळे चार जीबीची एकच फाइल कोण कशाला करील? पुढे २००६ मध्ये एक्सफॅट नावाची मोठ्या चौकटींची वही आली.

वही बदलायला पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागतो, आणि त्यात असलेलं सगळं जातं. म्हणून आधी ओव्या शाळेच्या संगणकावर उतरवल्या. नुसतं नाव दिसलं म्हणून थांबलो नाही, उघडून शेवटपर्यंत ऐकल्या. जात्याची घरघर सुरू झाली तशी पोरं चिडीचूप! मग एक्सफॅट निवडून फॉरमॅट केलं, ओव्या परत आत ठेवल्या, पुन्हा वाजवून पाहिल्या आणि त्यानंतर समारंभाची फाइल पाठवली. दहा-बारा मिनिटांत गेली.

तुमच्या घरी हे करताना 'कट' नको, 'कॉपी'च करा. एकाच ड्राइव्हमध्ये कट केलं की वहीतली नोंद तेवढी बदलते, म्हणून ते चुटकीसरशी होतं. दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये मात्र संगणक आधी नक्कल करतो आणि मूळ नंतर पुसतो. मूळ पुसायचं काम आपल्याच हाती राहू द्या, नक्कल तपासून झाल्यावर.

आणि हो, काही जुन्या टीव्हींना एक्सफॅटची वही वाचता येत नाही. तसं असेल तर फॉरमॅट करूच नका. एखाद्या मोठ्या ताई-दादाला सांगून चित्रीकरणाचेच वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे करून घ्या, ते फॅट३२ वरही मावतात. त्या मुलीच्या घरी टीव्ही नव्हता. तिने वडिलांच्या फोनला जोडून पाहिलं आणि आधी ओव्याच लावल्या.