कोशकीटकाची बाजू

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात एक दृष्टान्त आहे. देहालाच आत्मा मानणारा माणूस कोशकीटकासारखा आपणच आपला वैरी होतो. कीटक स्वतःच्याच तंतूंनी स्वतःला कोंडून घेतो आणि त्यातच संपतो. जिवतीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना हा दृष्टान्त मी कितीतरी वेळा सांगितला. पुढे पुढे तो वर्गातल्या अबोल मुलांवर वापरण्याची सवयच लागली. माणिकगडच्या पहाडावरच्या या मुलांपैकी कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी कोलामी, कोणाच्या घरी बंजारा बोली. ती मराठीत उत्तर देत नसत आणि मी म्हणत असे, "अरे, कोशातून बाहेर या."

एका कोलाम मुलाला हे मी भर वर्गात नाव घेऊन म्हटले. तो काही बोलला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस ऐनाची एक फांदी घेऊन तो घरी आला. फांदीवर बोटाएवढ्या दोन हिरव्यागार अळ्या होत्या. कुशीवर चांदीसारखे चमकणारे ठिपके. "सर, ह्या कोश करतात," एवढेच तो म्हणाला.

टसरच्या अळ्या होत्या त्या. तुतीवरचा रेशीमकिडा हजारो वर्षांच्या पाळणुकीने पुरता माणसाच्या हवाली झाला आहे. टसरचा अजून रानाचाच. ऐन आणि अर्जुन ही त्याची झाडे. बाटलीत पाणी भरून, तोंडाशी कापूस कोंबून मी फांदी खोचली. रात्री खोलीत पाने कुरतडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येई. पाने संपत आली तेव्हा आळस करून मी जवळच्याच कपाशीच्या धुऱ्यावरून ऐनाची डहाळी आणली. शेतात फवारणी झाली होती, हे ध्यानातही आले नाही. सकाळी एक अळी काळी पडून लोंबत होती. दुसरी जुन्याच फांदीवर राहिली होती, म्हणून वाचली.

आठवड्याभरात तिने विणायला घेतले. आधी डहाळीभोवती रेशमाचे कडे, कड्याला देठ, देठाखाली पानांच्या आडोशाने जाळी. भिंत पातळ होती तोवर आत मान वळताना दिसे. मग सगळे झाकले गेले. राखाडी, अंड्याच्या आकाराचा, बोटांनी दाबून न दबणारा कोश. पान गळले तरी तो गळणार नव्हता, कारण त्याने फांदीच धरली होती.

हिवाळा सरला, उन्हाळा तापला, कोश तसाच. आत काही उरले नसेल म्हणून एप्रिलमध्ये मी पाते हातात घेतले. तो मुलगा तेव्हा समोर होता. "पाणी पडू द्या, सर."

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे जाणे झाले. तिथली ढिवर कुटुंबे ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतात आणि पाखरांपासून, मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. कोशाला तिकडे कोसा म्हणतात. विकायच्या कोशातला जीव वाफेने मारावा लागतो, कारण पतंग बाहेर पडला की टोकाला भोक पडते आणि धागा अखंड उकलत नाही. बियाण्याचे कोसे मात्र निवडून, माळा करून टांगतात. त्या घरांची चूल यावर पेटते; तिथे मी कोणाला काय सांगणार? पण कीटक कोशात मरतो तो कुठे, हे तिथे दिसले. तो झाडावर मरत नाही, कढईत मरतो. ज्ञानदेवांना सांगायचे होते ते देहबुद्धीविषयी, आणि तिथे ते अढळच आहे. सोळा वर्षांच्या मुलावर तो दृष्टान्त रोखला होता मी.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एका संध्याकाळी कोशाचे टोक ओलसर झाले. आतला पतंग तोंडावाटे द्राव सोडून तिथले तंतू सैल करतो. बंद करतानाच उघडण्याची सोय त्याच्यापाशी होती. चुरगळलेल्या पंखांची मादी बाहेर आली आणि दांडीला लोंबकळत राहिली. पंख उलगडले तेव्हा चारही पंखांवर एकेक गोल, पारदर्शक खिडकी दिसली. या पतंगांना खाता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पानांच्या पुंजीवर ती चार दिवस जगणार होती. दुसऱ्या रात्री तिच्या गंधाने रानातून नर आला आणि जाळीवर धडकू लागला. मी खिडकी उघडली.

अंडी मोजायला घेतली आणि शंभरानंतर सोडून दिली. ती घेऊन मी त्या मुलाच्या गुड्यावर गेलो. अंगणात तो आजीशी कोलामीत बोलत होता. भरभर, हातवारे करत, मध्येच खदखदून हसत. हा मुलगा मी कधी पाहिलाच नव्हता. पानाचा द्रोण करून त्याने अंडी त्यात ठेवली आणि द्रोण ऐनाच्या फांदीला बांधला. आजी मला काही विचारत होती. मला एक शब्द कळत नव्हता. मी नुसता हसलो आणि गप्प उभा राहिलो.