आधी कोणाकडे जाशील?

पत्र पहिले
शिकागो

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

शिकागो नदीच्या काठाने वॅकर ड्राइव्ह जातो. अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचं कार्यालय याच रस्त्यावर आहे. तू ज्या एनक्लेक्स-आरएनच्या तयारीला लागली आहेस ती परीक्षा ही परिषद तयार करते. लायसन्स देतं ते त्या त्या राज्याचं मंडळ. अभ्यास कसा करू, असं तू विचारलं आहेस. माझ्या मते त्याचं उत्तर ही परीक्षा कशासाठी आहे यातच दडलेलं आहे. नर्सच्या नोंदणीचा अमेरिकेतला पहिला कायदा नॉर्थ कॅरोलिनाने १९०३ साली केला. त्याने राखली ती फक्त ‘नोंदणीकृत नर्स’ (आरएन) ही उपाधी. पुढे १९३८ साली न्यूयॉर्कने लायसन्सशिवाय पगारी नर्सिंग करण्यालाच बंदी घालणारा कायदा केला आणि रोख स्पष्ट झाला: हा कागद रुग्णाच्या संरक्षणासाठी आहे. म्हणून या परीक्षेत टक्के नाहीत, क्रमांक नाहीत. निकाल फक्त पास किंवा नापास. हिच्या हाती रुग्ण सोपवला तर तो सुरक्षित राहील का, एवढाच परीक्षेचा सवाल आहे.

परीक्षेची रचनाही याच सवालातून आली आहे. १९९४ पासून ती संगणकावर होते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. प्रश्न सतत तुझ्या कुवतीच्या आसपास राहतात, त्यामुळे चांगल्या तयारीच्या मुलीचीही जवळपास निम्मी उत्तरं चुकतात. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास, आणि एकदा दिलेल्या उत्तराकडे पुन्हा वळता येत नाही. तू पास होण्याच्या रेषेच्या वर आहेस की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. तेव्हा प्रश्न अवघड वाटले म्हणून खचू नकोस. पाठ किती झालं याचा हिशेब ठेवण्यातही अर्थ नाही. तुझा निर्णय कोणत्या उंचीपर्यंत भरवशाचा राहतो, हे इथे मोजलं जातं.

तुझी,
आत्या


पत्र दुसरे
फिलाडेल्फिया

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

परदेशात शिकलेल्या नर्सची प्रमाणपत्रं तपासणारी संस्था १९७७ साली या शहरात सुरू झाली. त्या काळी बाहेरून येणाऱ्या अनेक नर्स लायसन्सच्या परीक्षेत नापास व्हायच्या आणि मदतनीसाच्या पगारावर राबत राहायच्या. अजूनही अंतर मोठं आहे. अमेरिकेत शिकलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणी पहिल्या प्रयत्नात पास होतात. बाहेर शिकलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. आपल्या मुलींना कमी येतं म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. एक नमुन्याचा प्रश्न बघ. तुझ्याकडे चार रुग्ण आहेत. पहिल्याला सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे, ऑक्सिजन ९० टक्के. दुसरीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, वेदना दहापैकी सात. तिसऱ्याची साखर २२०. चौथीची काल थायरॉइड ग्रंथी काढली आणि आता तिला ओठांभोवती मुंग्या येताहेत. आधी कोणाकडे जाशील? नव्वदचा आकडा भीती घालतो, पण सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. सातची वेदना खरी आहे, पण ऑपरेशननंतर ती अपेक्षित आहे. मुंग्या मात्र किरकोळ दिसतात आणि त्याच घातक ठरू शकतात. थायरॉइड काढताना शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली असेल तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, स्वरयंत्र आकसून श्वासाची वाट बंद होऊ शकते. यातली एकही गोष्ट आपल्या पुस्तकांत नाही असं नाही. पण आपले पेपर व्याख्या, कारणं, लक्षणं आणि नर्सिंग व्यवस्थापन लिहायला सांगतात. चार खाटांमधून एक निवडायला लावत नाहीत. ती निवड आपल्याकडच्या मुरलेल्या सिस्टर रोज करतात, ती उत्तरपत्रिकेत मात्र कधी उतरत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की संगणकाला नर्सचा हात दिसत नाही. ते खरंच आहे. शीर सापडते का, घाबरलेल्या रुग्णाला धीर देता येतो का, हे ही परीक्षा पाहू शकत नाही. पण एप्रिल २०२३ पासून तिने विचार पाहण्याची सोय वाढवली आहे. पडद्याच्या एका बाजूला रुग्णाच्या नोंदी, व्हायटल्स आणि लॅबचे आकडे. दुसऱ्या बाजूला त्याच रुग्णावर ओळीने सहा प्रश्न. यातलं महत्त्वाचं काय, त्याचा अर्थ काय, आधी धोका कोणता, उपाय कोणते, लगेच काय करशील, आणि केल्याचा उपयोग झाला हे कशावरून ओळखशील. अनेक पर्याय निवडायच्या प्रश्नांत चुकीच्या खुणेला गुण वजा होतो, म्हणून सरसकट खुणा करून सुटका नाही. दुसरा आक्षेप, ही अमेरिकी पद्धत आपल्यावर लादली जाते. तिथे परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स असतात, मदतनीस असतात. कोणतं काम कोणाला सोपवायचं हे विचारलं जातं. आपल्याकडे पुष्कळ सेवा नातेवाईकच करतात. हा भाग वेगळा शिकावाच लागेल. मात्र त्यामागचं सूत्र परकं नाही: रुग्णाची पारख, त्याला समजावणं आणि निर्णय ही कामं आरएनने दुसऱ्यावर टाकायची नसतात. वॉर्डातल्या मावशींनी रुग्णाला अंघोळ घालावी, पण त्याचा श्वास बदलला आहे का हे सिस्टरनेच पाहावं, हे तुझ्या सांगलीतही तितकंच खरं आहे.

तुझी,
आत्या


पत्र तिसरे
टोरोंटो

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

ही परीक्षा निर्णय मोजते, या माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा याच देशातला आहे, म्हणून तो टाळत नाही. क्वेबेक वगळता कॅनडाच्या प्रांतांनी जानेवारी २०१५ पासून एनक्लेक्स स्वीकारली. पहिल्या वर्षी इथेच शिकलेल्यांपैकी पहिल्या प्रयत्नात सुमारे ७० टक्के पास झाल्या. न्यू ब्रन्सविकमधल्या फ्रेंच भाषिक विद्यार्थिनींना तर त्यांच्या भाषेत तयारीची साधनंच पुरेशी नव्हती आणि त्यांचे निकाल फार खाली गेले. मग ही परीक्षा निर्णय मोजते की परीक्षेची सवय? माझं प्रामाणिक उत्तर: दोन्ही मोजते, आणि भाषेचा व साधनांचा अडसर हा खरा अन्याय आहे. पण यातून सवय पुरेशी आहे असं निघत नाही. सवय अडथळा दूर करते. तो दूर झाल्यावर उभं राहायला लागतं ते कारणांवरच. म्हणून प्रश्नसंच सोडव, जरूर सोडव, पण त्यांची उत्तरं लक्षात ठेवायला नव्हे. संच कितीही मोठा असला तरी परीक्षेतला रुग्ण त्यात नसतो.

माझा आग्रह एकाच रीतीचा आहे. प्रश्न सोडवला की बरोबर उत्तरापाशी थांबू नकोस. उरलेले तीन पर्याय का चुकले ते एकेका वाक्यात लिही, आणि रुग्णात काय बदललं तर त्यांतला प्रत्येक बरोबर ठरेल, तेही लिही. मागच्या पत्रातल्या प्रश्नात सीओपीडीच्या रुग्णाचा ऑक्सिजन ८२ असता आणि तो गुंगीत असता तर? पित्ताशयाच्या रुग्णाचं पोट लाकडासारखं कडक झालं असतं तर? अशाने दिवसाला शंभराऐवजी वीसच प्रश्न होतील. होऊ देत. ड्यूटीवर हँडओव्हर घेतानाही मनाशी क्रम लाव: आधी कोण, आणि का. लायसन्स अमेरिकेचं मिळो, कॅनडाचं मिळो किंवा तू सांगलीच्याच वॉर्डात राहा, रात्रपाळीला तुझ्याकडे अनेक खाटा असतील आणि सगळीकडे एकाच वेळी जाता येणार नाही. त्या रात्रीसाठी केलेली तयारीच या परीक्षेची सगळ्यात चांगली तयारी आहे. नुसती परीक्षेपुरती केलेली तयारी त्या रात्री पुरणार नाही.

तुझी,
आत्या