बाराशे रुपयांचा खर्ज

स्वस्त इअरबड्सच्या खोक्यावर जे छापलेलं असतं, त्यातल्या निम्म्या गोष्टींचा कानाशी संबंध नसतो. १३ मिलिमीटरचा ड्रायव्हर, ५० तासांची बॅटरी, चार माइक, गेमिंग मोड. पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका दुकानदाराला मी विचारलं, "आवाज कसा आहे हो?" तो म्हणाला, "मॅडम, बास एकदम भारी!" त्याची बहुतेक गिऱ्हाइकं तेवढंच विचारत असणार, त्यामुळे पुढे बोलणं खुंटलं. कानात घालून बघायची सोय नाही. सील तोडलं की माल तुमचा, हा त्याचा नियम, आणि तो रास्तच आहे. दुसऱ्याच्या कानातून निघालेली वस्तू कोण घेईल? पण मग जी वस्तू फक्त ऐकण्यासाठी आहे, तीच न ऐकता विकत घ्यायची.

माझी कसोटी मात्र ठरलेली आहे, आणि ती मला गावाकडून फुकट मिळाली. मी मिरजेची. मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून जवळच सतारमेकरांची दुकानं आहेत. शाळेतून येताना आम्ही पोरी तिथं रेंगाळायचो. छताला वाळत टांगलेले भोपळे, लाखेचा वास, आणि आत कुणीतरी तानपुऱ्याची जवारी काढत बसलेलं. घोडीच्या पृष्ठभागावरून कानस अगदी हलकी फिरवायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत ते एका जागी थांबायचे, आणि इतका वेळ बोथट वाजणारी तार एकदम उघडायची. एका तारेतून कितीतरी वरचे स्वर एकामागून एक सुटून यायचे. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कुठल्या क्षणी काम झालं ते कळायचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आठवली ती कानस.

घरात कानाला लावायची पहिली वस्तू आली ती अण्णांच्या ट्रान्झिस्टरबरोबर. एकाच कानाचा, पिवळट पांढरा इअरफोन, पीळ घातलेली पातळ वायर. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. आम्ही झोपलेलो असायचो म्हणून अण्णा तो कानात घालून भिंतीला टेकून बसायचे. मीडियम वेव्हवरची खरखर, त्यात एकच कान, आणि त्या इअरफोनमधून खर्ज येणं तर शक्यच नव्हतं. तरी त्यांचं बोट मांडीवर बरोबर समेला पडायचं. आईला मात्र याचा राग यायचा. "काय ऐकताय ते आम्हालाही ऐकू द्या की," ती म्हणायची. माणूस समोर बसलाय आणि घरात नाहीच, हे तिला सहन होत नसे.

ही तक्रार फक्त मिरजेची नव्हती, हे पुढे कळलं. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ला आला. तो तयार होत असताना कंपनीचे अकिओ मोरिता नमुना घरी घेऊन गेले आणि ऐकत बसले, तेव्हा आपण बाजूला पडलो म्हणून त्यांच्या पत्नीचा चेहरा उतरला. म्हणून त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनच्या दोन पिना लावायची सोय होती, शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू होई आणि माइकमधून दोघांना एकमेकांशी बोलता येई. लोकांनी ते बटण फारसं दाबलं नाही, पुढच्या मॉडेलांतून ते गेलंच. एकट्यानं ऐकण्याचा संकोच फार दिवस टिकला नाही, टोकियोत नाही आणि आमच्याकडेही नाही.

कोल्हापूरला होस्टेलवर असताना आत्येभावानं मस्कतहून वॉकमन आणून दिला. तो सोनीचा नव्हता, पण तसल्या सगळ्याच यंत्रांना वॉकमनच म्हणत. दुकानात गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून घ्यायची आणि ती घासून पातळ होईपर्यंत ऐकायची. हेडफोन एकच, म्हणून मी आणि माझी खोलीतली मैत्रीण त्याचे स्पंजचे कान बाहेरच्या बाजूला वळवून एकेक कान वाटून घ्यायचो. जुनी गाणी मोनो होती, त्यामुळे कुणाच्या वाट्याला कमी आलं नाही. त्या सेलवर चालणाऱ्या डबड्याचा आवाज आजच्या हजार रुपयांच्या बड्ससमोर काहीच नव्हता, हे मी जुन्या आठवणींची भीड न ठेवता सांगते.

मग नोकरी, पुणे, हडपसरची बस आणि मोबाइल. तेव्हा वायरच्या इअरफोनला सगळे हँड्सफ्री म्हणत. त्याची एक गंमत आता फार थोड्यांच्या लक्षात असेल. ती वायर म्हणजेच मोबाइलमधल्या एफएमची अँटेना असे. कानात काही ऐकायचं नसलं, स्पीकरवर लावायचं असलं, तरी वायर खुपसल्याशिवाय रेडिओ लागत नसे. आणि ती वायर पिनेपाशीच तुटायची. "एकाच कानात येतंय" हे वाक्य बसमध्ये रोज ऐकू यायचं. मग वायर एका विशिष्ट कोनात धरून उभं राहायचं. गल्लीतला मोबाइलवाला चाळीस-पन्नास रुपयांत झाळून द्यायचा आणि ती पुन्हा काही महिने चालायची.

२०१६ साली ॲपलनं आयफोन ७मधून ही पिनेची जागाच काढून टाकली आणि वर्षअखेरीला बिनवायरचे एअरपॉड्स विकायला काढले. आपल्याकडे त्यांची किंमत १५ हजारांच्या वर होती. कानातून इतके पैसे पडून हरवण्याची सोय कोण करून घेईल, असं आमच्या ऑफिसात बोललं गेलं. चार-पाच वर्षांत त्याच ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या कानात तसलंच काहीतरी होतं, आणि बहुतेकांचं दीड हजाराच्या आतलं. चीनमध्ये शेन्झेनला या बड्ससाठी लागणारी चिप, साचा, बॅटरी सगळं तयार मिळू लागलं. कंपनीनं रंग निवडायचा आणि नाव छापायचं. आता जुळणी भारतातही होते. म्हणून वेगवेगळ्या नावांचे बड्स उघडले तर आतली भावंडं बऱ्याचदा सख्खी निघतात, आणि नावाला जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ उरत नाही. सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे का, एवढा फरक मात्र नावानं पडतो.

तर माझी कसोटी. नवे बड्स आले की मी पहिल्यांदा काळी एकचा पुरुषी तानपुरा लावते, दुसरं काही नाही. मधल्या दोन तारा षड्जाच्या, सुमारे १३९ हर्ट्झ. शेवटची खर्जाची, त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. खोक्यावर ज्याला बास म्हणतात तो भाग हाच. स्वस्त बड्समध्ये तो मुद्दाम फुगवलेला असतो, कारण दुकानात आणि रीलमध्ये तेच चटकन भारी वाटतं. परिणाम असा, की खर्जाची तार छेडली की ती पुढच्या पंचमावर सांडते आणि जवारीतून उठणारे वरचे स्वर गिळून टाकते. माझ्या भाच्यानं दिवाळीला दिलेल्या पहिल्या बड्सवर तानपुरा म्हणजे शेजारच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर होती. डग्ग्याचंही तेच, घुमारा सगळा एकाच ठिकाणी साचलेला, बोटांचा नेमका घाव कुठं पडला ते कळत नाही.

पण तेवढ्यावर त्यांना नापास करू नये. आधी खोक्यातली ती छोटी प्लास्टिकची पिशवी उघडावी, जी बहुतेक लोक तशीच कचऱ्यात टाकतात. तिच्यात रबरी टोप्यांचे आणखी दोन आकार असतात. बड कानात नीट घट्ट बसला नाही तर खालचे स्वर फटीतून निघून जातात, आवाज पत्र्यासारखा पातळ होतो, आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. माझ्या डाव्या कानाला मोठी टोपी लागते, उजव्याला मधली. हे कळायला वय उलटावं लागलं, कारण कानांची मापं वेगळी असतात हे चपलांसारखं कुणी मोजून देत नाही. टोपी बसल्यावर ॲपमध्ये जाऊन बास खाली ओढला, की माझ्या आताच्या बाराशेच्या बड्समध्ये जवारी बरीचशी परत येते. सगळी नाही येत. पण पंचम कुठं संपला आणि षड्ज कुठं लागला हे ऐकू येतं, आणि हडपसरच्या बसमध्ये मला तेवढं पुरतं.

कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज आवळून पाठवायच्या पद्धतींच्या, चर्चेत मी पडत नाही. एसबीसी प्रत्येक बडमध्ये असतोच, एएसी बहुतेकांत असतो. त्याहून वरचं काही हवं असेल तर किंमत वाढते. मी जे ऐकते त्यात मिरजेतच दफन झालेले अब्दुल करीम खाँसाहेब बरेच असतात. १९३७ साली ते गेले. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, वर सुईची खरखर. त्या ध्वनिमुद्रणात जे उतरलंच नाही, ते पाच हजारांचा बडही कुठून आणणार? उलट बास फुगवणाऱ्या बड्समध्ये ती खरखर मागं जाते आणि आवाज थोडा गोल वाटतो. म्हणजे दोष कधीकधी कामालाही येतो.

फसवणूक खरी होते ती दोन आद्याक्षरांत. ईएनसी आणि एएनसी. खोक्यावर ईएनसी मोठ्या अक्षरांत असतं, आणि माणूस समजतो की आता बाहेरचा गोंगाट ऐकू येणार नाही. ईएनसी असते माइकसाठी. तुमच्या भोवतीचा आवाज पलीकडच्या माणसाला कमी जावा, एवढंच तिचं काम. तुमच्या कानाला तिचा काही उपयोग नाही. एएनसी मात्र बाहेरच्या आवाजाच्या उलट लाट आत सोडून तो आवाज खोडते. तीही इंजिनाची सलग घुरघुर, पंखा, रेल्वेचा गडगडाट असल्या खालच्या आणि एकसुरी आवाजांवरच चांगली चालते. कंडक्टरची घंटा, हॉर्न, शेजारणीचं फोनवरचं भांडण जसंच्या तसं आत येतं. ईएनसीची परीक्षा मी ताईला मिरजेला फोन लावून घेते. गेल्या खेपेला ती म्हणाली, "तुझा आवाज कापतोय गं, कंडक्टरचा मात्र स्वच्छ येतोय." बोलायला लागलं की गाण्याचा दर्जा एकदम घसरतो, तो बिघाड नसतो. माइक चालू झाला की ब्लूटूथला फोनच्या अरुंद वाटेनं जावं लागतं.

रियाजाला हे बड्स चालत नाहीत. कान बंद असले की आपलाच सूर डोक्यात घुमतो, आणि तो खरा आहे की नाही ते समजत नाही. माझा सूर तसाही बेताचाच, म्हणून मी हे ठामपणे सांगू शकते.

टोपी घट्ट बसण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. फट राहिली की बसच्या आवाजावर मात करायला आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं प्रौढांनी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ऐकलं तर चालतं. ९० डेसिबलला तेच ४ तासांवर येतं. दहाच डेसिबलनं आठवड्याचा कोटा दिवसाच्या प्रवासात संपतो. कानातल्या पेशी गेल्या की परत येत नाहीत, त्याला सतारमेकर नाही.

माझा राग आहे तो बॅटरीवर. प्रत्येक बडमध्ये नखाएवढी लिथियम बॅटरी असते. लिथियमची बॅटरी काही शे वेळा भरली-रिकामी झाली की थकते; रोज वापरणाऱ्याला दोनेक वर्षं. भाच्यानं दिलेल्या जोडीतला डावा अर्ध्या तासात मान टाकू लागला. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलानं नम्रपणे सांगितलं, उघडत नाही, चिकटवलेला असतो, नव्या जोडीवर सूट देतो. मिरजेत भोपळा तडकलेला तानपुरा दुरुस्त होऊन पुढच्या पिढीकडे जातो, चाळीस रुपयांत हँड्सफ्रीची वायर झाळून मिळायची, आणि चार ग्रॅमच्या या वस्तूचा एक अवयव थकला की दोन्ही बड आणि डबी सगळंच कचऱ्यात. आणि घरच्या कचऱ्यात टाकूही नयेत. लिथियम आहे, ई-कचऱ्यातच द्यावेत.

तेव्हा माझं मत असं. बातम्या, गाणी, फोन, बसचा प्रवास, एवढंच असेल तर १००० ते १५०० रुपयांत मिळतात ते बड्स पुरेसे आहेत. त्यात ॲपमधून बास कमी करता येतो का आणि जवळ सर्व्हिस सेंटर आहे का, एवढं बघा आणि मिलिमीटर विसरा. एएनसी रोजच्या रेल्वे प्रवासाला उपयोगी, घरी बसणाऱ्याला नाही. रस्ता ओलांडताना निदान एक बड काढा. आणि तानपुरा ऐकायचा असेल, फोनला अजून पिनेची जागा असेल, तर बड्सच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळणारा वायरचा इअरफोन आधी लावून बघा, तो जास्त खरं बोलतो. माझ्या फोनला पिनेची जागा नाही, आणि टाइप-सीचा जो जोड घेतला होता तो घरात कुणालाच सापडत नाही.